मागच्या खोलीपर्यंत

रुवीच्या चर्चमधून अझैबाला परतेपर्यंत जॅस्मिन आत्या गाडीत अवाक्षर बोलली नाही. बोलकी माणसं गप्प बसली की विनी सावध होते, आणि ही तर नणंद, तीही थोरली. गेल्या आठवड्यात ती वसईजवळच्या गिरीजहून मस्कतला आली ती भाच्याचं लग्न ठरवायला, असं तीच म्हणत होती. मोडायला आली असती तरी सामान हेच आणलं असतं: सुकट, बाटली मसाला आणि स्वतःचा तांब्या.

शुक्रवारच्या सुट्टीतली मिसा, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, संपल्यावर फादर दारातच भेटले होते. "कागद आज संध्याकाळी द्या. पुढच्या शुक्रवारपासून बॅन्स वाचू," असं त्यांनी सांगितलं. भर मिसेत नवरा-नवरीची नावं वाचायची, कोणाची हरकत असेल तर पुढे यावं म्हणून विचारायचं, असे तीन आठवडे. हरकत कोणीच घेत नाही. पण एकदा नावं वाचली गेली की वसईकर घर शब्द फिरवत नाही. बॅन्स वाचून मोडलेलं लग्न लोक पुढची दोन पिढ्या दुसऱ्यांच्या मांडवात बसून चघळतात.

"संध्याकाळी कागद," लिफ्टमध्ये आत्या शेवटी बोलली, "आणि घर बघितलंय कोणी?"

"बाय, घर व्हिएतनामला आहे," तिचा धाकटा भाऊ, विनीचा नवरा ॲलॉयसियस म्हणाला.

"मग? पोर्तुगीज बोटीने आले ना आपल्याकडे?"

ॲलॉयसियसने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. बहिणीपुढे त्याचं कधीच चालायचं नाही.

घर बघणं ही त्यांच्या घराण्याची जुनी रीत. मुलाकडच्या बायकांनी मुलीच्या घरी जायचं, पुढच्या खोलीत चहा घ्यायचा, आणि कप खाली ठेवून सरळ मागच्या खोलीत चालू लागायचं. पुढची खोली सगळेच सजवतात, मागे काय आहे ते बघायचं. या रीतीने आत्याने एकदा एक वेडसर काका शोधून काढला होता आणि एकदा फिट येणारा भाऊ. दोन्ही सोयरिकी मोडल्या. या कामगिऱ्या घरात कौतुकाने सांगितल्या जात. त्या काकाचं पुढे काय झालं, हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

विनीची अडचण निराळी होती. मुलगी तिला आवडली होती. विनीचा मुलगा वॉरन काम करतो त्याच हॉटेलात, बेकरीत कामाला, नाव मारिया लान, आपल्यासारखीच कॅथलिक, हसते कमी, पण ताट स्वतः उचलते. सगळं ठीक, पण चौकशी करता आली नव्हती, आणि चौकशीवाचून विनीला घास गोड लागत नाही. पोरगी गिरीजची असती तर विनी एका दुपारीत तिच्या आजीच्या माहेरापर्यंत पोचली असती. लानच्या गावी, बिएन होआमध्ये कोणाला फोन लावणार? तिने यूट्यूबवर त्या गावाचे व्हिडिओ पाहिले, बाजारातली भाजी ओळखली, चर्च मोजली. माणसांबद्दल यूट्यूब काही सांगेना.

म्हणून तोडगा निघाला तो कॅन्डिसचा. "झूमवर बघू ना घर," ती म्हणाली. "टीव्हीला कनेक्ट करते. आत्या, तू सोफ्यावर बसूनच बॅकरूमपर्यंत जा." कॅन्डिस वॉरनची धाकटी बहीण, रुवीतल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करणारी. जन्मापासून मस्कतमध्ये वाढल्याने तिचं मराठी अधूनमधून अडखळायचं, पण आत्याशी बोलताना ती इंग्रजीवर फारशी जात नसे.

आत्याने थोडा विचार करून मान डोलावली. "झाकण उघडून दाखवायला सांग मात्र. नुसतं भांडं नको."

वॉरन तेव्हा टेबलावर पाण्याचे ग्लास मांडत होता. त्यातला एक त्याने दोनदा मांडला.

*

लान आली ती कागदात गुंडाळलेला ताजा पाव घेऊन. विनीने मैद्याचे फुगे तळले होते, मत्र्याच्या बाजारातल्या सुरमईचं आंबट-तिखट केलं होतं. जेवणात आत्या लानकडे आणि लान आत्याकडे बघत होती, आणि दोघी एकमेकींच्या भाषेचा एकही शब्द येत नसताना माशाचे काटे सारख्याच सफाईने काढत होत्या. विनीला ते बघून बरं वाटलं.

वॉरन ताटातला फुगा नुसता कुस्करत होता. त्याने डोक्यात सगळं आखून ठेवलं होतं: पुढची खोली, लानची आई, कोपऱ्यातली मरियामातेची मूर्ती, दहा मिनिटं हसणं, आणि मग नेट गेलं म्हणायचं. मस्कतमध्ये नेट गेलं म्हटलं की कोणी खोटं मानत नाही. संध्याकाळी कागद फादरच्या हातात. मग पुढचं पुढे.

पण हात धुताना लान बेसिनपाशी हळूच म्हणाली, "आईने सकाळपासून तामला तयार करून बसवलंय. नवा शर्ट घातलाय. तुझ्या घरच्यांनी त्याच्याबद्दल वाईट तर मानलं नाही ना?"

"नाही," वॉरन म्हणाला. "कशाला मानतील?"

तसं बघितलं तर हे खरंच होतं. माहीत नसलेल्या गोष्टीचं कोणी वाईट मानत नाही.

*

टीव्हीवर लानची आई दिसली तेव्हा कॅन्डिसला पहिल्यांदा हसू आलं. बाई पन्नाशीच्या, सडपातळ, गळ्यात क्रूस, आणि मागे भिंतीवर तीच मरियामाता, तेच प्लास्टिकचे हार, तीच पेटलेली लाल बत्ती. गिरीजच्या घरातली पुढची खोली कोणीतरी उचलून तिकडे ठेवली असावी असं वाटत होतं. बाई व्हिएतनामी बोलायच्या, लान त्याचं इंग्रजी करायची आणि कॅन्डिस आत्यासाठी मराठी. त्यामुळे प्रत्येक विनोदावर तीन वेळा हसू यायचं.

विनी रंगात आली. मीठ कुठे ठेवता, भात किती वेळ शिजवता, ती काळी बरणी कसली? बरणीत मासे मुरवून केलेलं पाणी निघालं. "आपल्या सुकटीचीच बहीण," आत्याने निकाल दिला. बाईंनी फोन भाताच्या भांड्यावर धरून झाकणही उघडलं. आत्याचं समाधान झालं असं दिसलं, पण तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आता मागची खोली."

"आत्या, नेट स्लो होतंय," वॉरन म्हणाला आणि लॅपटॉपकडे वाकला.

"नाही रे, फुल आहे," कॅन्डिस म्हणाली. "सिग्नल बघ ना."

"तरी बंद करू या. तुमच्याकडे आता उशीर झाला असेल," वॉरन लानला इंग्रजीत म्हणाला.

"चार वाजलेत तिकडे," लान म्हणाली. तिला त्याची घाई कळेना. "आई तयार आहे. मागची खोलीच तर दाखवायची आहे."

बाई चालू लागल्या. टीव्हीवर लाद्या हलल्या, एक पडदा बाजूला झाला. खोली पुढच्यापेक्षा चांगली होती. मोठी खिडकी, पंखा, निळी चादर घातलेली खाट. खाटेवर उशांना टेकून एक तरुण बसला होता, नव्या पांढऱ्या शर्टात. डोकं मोठं, खांदे अरुंद, पाय लहान मुलाचे असावेत एवढेच, आणि आत वळलेले. फोन दिसताच तो तोंडभर हसला आणि घशातून एक लांब आवाज काढला.

"हा ताम, माझा मोठा भाऊ," लान म्हणाली. "तो हॅलो म्हणतोय. वॉरनने सांगितलंच आहे तुम्हाला."

कॅन्डिसने पहिल्या दोन वाक्यांचं मराठी केलं. तिसरं तिच्या जिभेवर अडकलं. तिने आईकडे पाहिलं, मग भावाकडे. भाऊ रिमोटकडे बघत होता.

"शेवटी काय म्हणाली ती?" आत्याने विचारलं.

"म्हणाली की," कॅन्डिसने सावकाश सांगितलं, "वॉरनने आपल्याला हे सगळं सांगितलंय."

लान एकेकाचा चेहरा वाचत गेली आणि शेवटी वॉरनपाशी थांबली. मराठी कळायची गरज उरली नव्हती.

"तू सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

वॉरन उठला. "सांगणार होतो. बॅन्सनंतर." एवढं बोलून तो पॅसेजमधून आपल्या खोलीत गेला आणि दार लावलं. एकतीस वर्षांचा घोडा!

*

खरं तर याच क्षणी लॅपटॉप बंद करून पाहुणीला पाणी द्यायचं आणि पुढचं फोनवर कळवायचं, ही सभ्य माणसांची पद्धत. पण पडद्यावर तो मुलगा अजून हसत होता, त्याची आई उत्तराची वाट बघत होती, आणि विनीला न विचारता राहवेना. हा तिचा दुर्गुण आहे असं सासरी कायम म्हटलं गेलं. त्या दुपारी तोच कामाला आला.

"काय जेवतो तो?" तिने विचारलं. "स्वतः खातो की भरवावं लागतं?"

प्रश्न तिकडे गेला. बाईंचा चेहरा सैल झाला. भरवावं लागतं, त्यांनी सांगितलं. भोपळ्याची पेज आवडते. मासा आवडतो, काटे काढून.

"जन्मापासून असा?"

"हो."

"का झालं असं?"

कॅन्डिस म्हणाली, "मम्मी, असं विचारत नाहीत."

"का नाही विचारत? ती सांगेल नाहीतर सांगणार नाही."

बाई खाटेच्या कडेला बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या घरामागे विमानतळाची भिंत आहे. युद्धात तिथून विमानं उडायची आणि रानावर औषध फवारायची, झाडांची पानं गळावीत, शत्रूला लपायला जागा राहू नये म्हणून. औषधाची पिंपं तिथेच ठेवलेली. काही गळली, काही सांडली. युद्ध संपलं तेव्हा त्या स्वतः माहेरच्या अंगणात रांगत होत्या. पिंपं गेली, सैन्य गेलं. भिंतीलगतचं तळं राहिलं. त्यात कमळं होती, बदकं होती, मासे तर एवढे की जाळं टाकायची खोटी.

"लग्न होऊन मी या घरी आले," त्या म्हणाल्या, आणि लान मान खाली घालून ते इंग्रजीत सांगत गेली. "पोटात ताम होता. सासूबाई म्हणाल्या, मासा खा, बाळाला ताकद येते. नवरा रोज ताजा मासा आणायचा. डोकं आणि चरबी मला द्यायचे, सगळ्यात चांगला भाग म्हणून. पुढे कितीतरी वर्षांनी पांढरे कपडे घातलेली माणसं आली, चिखल उकरून बाटल्यांत भरला आणि पाटी लावली. इथले मासे खाऊ नका."

"डायॉक्सिन," कॅन्डिस पुटपुटली. मग आत्याकडे वळून सावकाश म्हणाली, "त्या औषधात एक विष होतं, आत्या. ते पाण्यात विरघळत नाही. चिखलात बसतं, तिथून माशाच्या... फॅटमध्ये जातं. चरबीत. आणि तिथून माणसाच्या. वर्षानुवर्षं तसंच राहतं."

"म्हणजे चांगला भाग म्हणून दिला, त्यातच होतं?"

"हो. याला त्यानेच झालं असं कोणी शंभर टक्के लिहून देणार नाही. पण तिकडे अशी बरीच घरं आहेत."

आत्याने पदराने ओठ पुसले. गिरीजच्या घरामागे बावखल होतं, वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं. वॉरनच्या वेळी विनी माहेरी न जाता तिथेच राहिली होती, आणि रोज पहाटे बावखलात गळ टाकून तिच्यासाठी मासा काढणारी नणंद ही जॅस्मिनच होती. विनीला तेव्हा माशाचा वास सहन व्हायचा नाही. तरी जॅस्मिन समोर बसून डोकं चोखायला लावायची.

"मीसुद्धा तेच केलं असतं गं," आत्या टीव्हीकडे बघून मराठीतच म्हणाली. "मी तेच तर केलं. आमच्या पाण्यात काही नव्हतं, एवढंच."

कॅन्डिसने भाषांतर केलं. तिकडे बाईंनी डोळे टिपले आणि इकडे विनी उघड रडू लागली. तिला त्या बाईची दया येत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण प्रश्न अजून एक होता आणि तो विचारल्यावाचून इथून कोणी उठणार नव्हतं.

तो आत्याने विचारला. "आणि हिच्या वेळी?"

लानने आईला न विचारताच उत्तर दिलं. "माझ्या वेळीही तेच मासे. पाटी लागली तेव्हा मी शाळेत होते. मला आजवर काही झालेलं नाही. माझ्या मुलांना होणार नाही, असं डॉक्टर लिहून देत नाहीत. होईल असंही म्हणत नाहीत. हे मी वॉरनला पहिल्या महिन्यातच सांगितलं. म्हटलं, तुझ्या घरी सांग. मग मी त्यांच्या टेबलावर जेवेन." ती थांबली. "मी आज जेवले."

*

ॲलॉयसियस आतापर्यंत सोफ्याच्या टोकाला बसून होता. त्याला घाम फुटला होता, एसी अठरावर असून. तीस वर्षं एका कंपनीच्या ऑफिसात काढलेला माणूस; भांडण दिसलं की फाईल पुढच्या टेबलावर सरकवायची, हा त्याचा धर्म. वॉरनने दोन महिन्यांपूर्वी मत्र्याला जाताना गाडीत त्याला सगळं सांगितलं होतं. आणि त्याने काय सल्ला दिला? "आधी बॅन्स होऊ दे. नावं वाचली की मग तुझी आई कुठे जाते?" तेव्हा त्याला आपण फार हुशार वाटलो होतो. सगळे खूश, कोणाला त्रास नाही, खलास.

"विनी," तो म्हणाला, "एकट्या वॉरनचं चुकलेलं नाही. मला माहीत होतं. मीच त्याला थांबवलं."

विनीने रडणं थांबवून नवऱ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिने हा माणूस अनेकदा भित्रा पाहिला होता. आपल्याला बांधून घालणारा पाहिला नव्हता.

"म्हणजे चर्चमध्ये नावं वाचून मला अडकवणार होता तुम्ही दोघं?"

"तू नाही म्हटलं असतंस."

"म्हटलं असतं!" विनी ओरडली. "दोन महिन्यांपूर्वी नक्की नाही म्हटलं असतं. घाबरले असते, आदळआपट केली असती, बायला फोन केला असता. पण ते नाही म्हणायचा हक्क माझा होता ना? आणि मला समजवायचा हक्क या पोरीचा होता. तो तुम्ही काढून घेतलात. बायने मागची खोली शोधायची आणि आमच्या घरातल्या पुरुषांनी ती बांधायची, वा रे वा!"

"बरोबर बोलतेय ती, ॲलू," आत्या म्हणाली. नणंद-भावजय एका बाजूला, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. ॲलॉयसियसने पायातल्या चपला बघितल्या.

टीव्हीवरून बाईंनी काहीतरी विचारलं. लानने कॅन्डिसकडून समजून घेऊन त्यांना सगळं व्हिएतनामीत सांगितलं. मध्ये 'वॉरन' हा शब्द आला, 'बॅन्स'ही आला. बाई ऐकत राहिल्या. त्या रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी शांतपणे एक वाक्य उच्चारलं, आणि लानला ते इंग्रजीत आणायला जड गेलं.

"आई म्हणते, तुम्ही आमचं घर मागच्या खोलीपर्यंत पाहिलंत. आता तुमचं दाखवा."

विनीने डोळे पुसले आणि लॅपटॉप उचलला. वायर सुटली, टीव्ही काळा झाला. पॅसेजमधून ती मुलाच्या दाराशी गेली. मागून आत्या, कॅन्डिस, लान.

"वॉरन, दार उघड. बाई घर बघायला आल्यात."

तिने दारावर थाप मारली.

"वॉरन, पाहुणे ताटकळत ठेवत नाहीत."

कडी निघाली. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. लॅपटॉपवरची बाई त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. त्याला नजर खाली करावीशी वाटली, पण खाली लॅपटॉप धरून आई उभी होती. बाईंनी त्याला 'का लपवलंस' असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते लानने हलक्या आवाजात सांगितलं.

"आई विचारते, तुला तामला उचलता येईल का? तिची पाठ आता दुखते. बाबा नाहीत. मी दर वर्षी जाते तेव्हा मी उचलते. माझ्याशी लग्न करणाऱ्याला ते करावं लागेल, आज ना उद्या."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. वॉरनने हॉटेलच्या काउंटरवर उभं राहून हजारो लोकांना हो म्हटलं होतं. त्याने पडद्यावर बाईंच्या शेजारी, खाटेवरच्या त्या मुलाकडे पाहिलं, त्याच्या मोठ्या डोक्याकडे आणि वळलेल्या पायांकडे, बहुधा पहिल्यांदाच नीट.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटते. दुखवेन त्याला."

लानने त्याच्याकडे पाहिलं. आजच्या दिवसात त्याच्या तोंडून निघालेली ही पहिली खरी गोष्ट, हे तिला कळलं. त्याने तिचा राग गेला नाही.

"फादरना आज कागद द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "आधी माझ्या घरी यायचं. राहायचं, महिनाभर. त्याला आंघोळ घालायची, भरवायचं. आई सांगेल तू कसा आहेस ते. मग मला पुन्हा विचार. मी काय म्हणेन ते मला आज माहीत नाही."

"येईन," वॉरन म्हणाला.

"बघू."

तिकडे बाईंनी फोन खिडकीत टेकवून ठेवला. त्या तामच्या कानाशी काही बोलल्या, तो खिदळला. मग त्यांनी एक हात त्याच्या मानेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, गुडघे स्वतःच्या पोटाशी घट्ट धरले, आणि श्वास रोखून त्याला खाटेवरून उचललं. क्षणभर तो त्यांच्या खांद्यावर विसावला. मग त्यांनी त्याला पुन्हा हळूच टेकवलं आणि स्वतःच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पॅसेजमध्ये सगळे लॅपटॉपभोवती वाकले होते. ॲलॉयसियसही मागून टाचा उंचावून बघत होता.

"मानेखालचा हात कुठून गेला ते दिसलं नाही," विनी म्हणाली. "परत दाखवायला सांग. सावकाश. नीट बघू दे वॉरनला."